मातीतले जिवंत जिवाणू सुपर-रिझोल्यूशनखाली बघता येतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला हरभऱ्याच्या मुळांभोवतीच्या काळ्या मातीतले रायझोबियम जिवंत असताना, जागच्या जागी, २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशिलात बघायचे आहेत. विभागात नवा सूक्ष्मदर्शक आला आहे, त्यात तिन्ही सोयी आहेत: कॉन्फोकल (लेसरने एकेक पातळी स्कॅन करणारी नेहमीची पद्धत), आणि सिम व स्टॉर्म या सुपर-रिझोल्यूशनच्या, म्हणजे साध्या प्रकाशाच्या मर्यादेपलीकडचं बारीक दाखवणाऱ्या पद्धती. यातली कोणती पद्धत वापरावी, असं त्याने विचारलं आहे.

माझं उत्तर ऐकून थोडी निराशा होईल. पहिले सहा महिने स्टॉर्मचं बटण दाबूच नका, सिमला क्वचित हात लावा, आणि साध्या कॉन्फोकलवर मातीशी ओळख करून घ्या. बारीक तपशील, जिवंत पेशी आणि खरी माती या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात असा हट्ट धरला की तिन्ही हातच्या जातात. एका वेळी दोन मिळतात. तिसरी कोणती सोडायची, हे तुमच्या संशोधनाच्या प्रश्नावरून आधी ठरवावं लागतं. मी गेली बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर बसते आहे, त्यातली चौदा मातीच्या नमुन्यांवर गेली. यंत्र चालवायला शिकायला तीन महिने पुरतात. ही निवड करायला शिकण्यात मात्र माझी बरीच वर्षं गेली.

आधी एक छोटी दुरुस्ती. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू म्हणजे मुख्यतः मेसोरायझोबियम सिसेरी. सोयाबीनचा जोडीदार ब्रॅडीरायझोबियम, तो वेगळा. बोलताना आपण सगळ्यांनाच रायझोबियम म्हणतो, पण कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, मागवताना ही चूक महागात पडते. झाडं छान वाढतात, गाठी काही येत नाहीत, आणि आपण महिनाभर सूक्ष्मदर्शकाला दोष देत बसतो.

आता प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून किती बारीक दिसू शकतं, त्या मर्यादेबद्दल. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडलेलं गणित आजही तसंच लागू आहे: प्रकाशाच्या तरंगलांबीला लेन्सच्या न्यूमरिकल अपर्चरच्या (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्या मापाच्या) दुपटीने भागायचं. हिरवा प्रकाश ५२० नॅनोमीटरचा आणि तेलाची लेन्स १.४ अपर्चरची धरली, तर उत्तर येतं १८६ नॅनोमीटर. हे झालं आडव्या पातळीत. उभ्या दिशेला ५०० ते ७०० नॅनोमीटर म्हणजे चांगलंच समजा. तुमच्या जिवाणूची रुंदी अर्धा ते पाऊण मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर), म्हणजे रुंदीत जेमतेम तीन-चार ठिपके बसतात. पेशीच्या आत काय चाललंय ते यात दिसणार नाही, हे खरं. ही भिंत ओलांडल्याबद्दल एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यानंतर आपल्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या प्रस्तावात सुपर-रिझोल्यूशन हा शब्द दिसायला लागला. पण माहितीपत्रकात छापलेले ते आकडे कव्हरस्लिपला, म्हणजे नमुन्यावरच्या पातळ काचेला, अगदी चिकटलेल्या, स्वच्छ नमुन्याचे असतात. मातीत आपली लढाई आबेशी होतच नाही. त्याच्या कितीतरी आधी माती आपल्याला अडवते.

कारण साधं आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.३३, क्वार्ट्झचा १.५४ च्या आसपास, आणि अर्ध्या वाळलेल्या मातीत मधूनमधून हवेचे कप्पे, त्यांचा १. दर काही मायक्रॉनवर किरण वाकतो. ताकाच्या पेल्यातून पेपर वाचायला बसल्यासारखं आहे हे. त्यात आपली काळी माती म्हणजे स्मेक्टाइट गटातली चिकणमाती. तिच्या कणांवर ऋणभार असतो, त्यामुळे धनभार असलेले रंग ती आनंदाने ओढून घेते. तिचे मोठे कण जिवाणूच्याच आकाराचे. थोडक्यात, जे रंगायला नको ते रंगतं, आणि ते दिसतंही जिवाणूसारखं. कोकणातल्या जांभ्या मातीचा त्रास वेगळा आहे: तिच्यातले लोहाचे ऑक्साइड प्रकाश गिळतात. टू-फोटॉन लेसरने, म्हणजे जास्त खोल शिरणाऱ्या अवरक्त प्रकाशाने, खोल बघू म्हणून मी एकदा जांभ्याचा नमुना लावला होता. पहिल्याच स्कॅनमध्ये एका गडद कणाभोवती पाणी उकळून बुडबुडा फुटला आणि दृश्यातलं सगळं उधळलं. काळ्या मातीत कॉन्फोकलने कव्हरस्लिपपासून वीस-तीस मायक्रॉनच्या पुढे मला भरवशाचं काही दिसलेलं नाही.

शिवाय माती स्वतःच चमकते. ह्युमिक आम्लं, मुळांमधलं लिग्निन, काही खनिजं, सगळी निळ्या प्रकाशात हिरवी-पिवळी दिसतात. तुमचा जीएफपीही, म्हणजे जिवाणूत जनुकाने बसवलेलं हिरवं चमकणारं प्रथिन, तिथेच चमकतो. म्हणून शक्य असेल तर तांबड्याकडे सरका: एमचेरीसारखं प्रथिन घ्या, किंवा हेलो-टॅग (रंग पकडून ठेवणारं प्रथिन) लावून ६४० नॅनोमीटरच्या लेसरने उजळणारा रंग वापरा. तिथे मातीची पार्श्वभूमी बरीच शांत असते आणि पेशीलाही इजा कमी होते. जीएफपीचा आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. त्याला चमकण्याजोगं व्हायला थोडा का होईना ऑक्सिजन लागतो. पाण्याने भरलेल्या, ऑक्सिजन पार संपलेल्या पोकळीत जिवाणू ठणठणीत असूनही नव्याने चमकणार नाही, आणि तुम्ही वहीत लिहाल की इथे जिवाणू नाहीत.

इथे माझी फजिती सांगते. पहिल्याच वर्षी मराठवाड्यातून आणलेल्या काळ्या मातीवर ॲक्रिडिन ऑरेंज हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग घातला आणि दृश्यभर थरथरणारे हिरवे ठिपके पाहून हरखून गेले. दोन तास मोजत बसले. मार्गदर्शकांना बोलावून दाखवलं, सर, सगळे जिवंत आहेत, हालतायत बघा. त्यांनी काही न बोलता कव्हरस्लिपच्या कडेने पेशी मारणाऱ्या फॉर्मॅलिनचा एक थेंब सोडला आणि चहाला गेले. परत आले तेव्हाही ठिपके तसेच थरथरत होते. "बाई, मेल्यावरही नाचतायत की हे!" एवढंच म्हणाले. ती ब्राउनियन हालचाल होती, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी निर्जीव थरथर, आणि निम्मे ठिपके तर चिकणमातीचे कण होते. तेव्हापासून मी तीन खुणांपैकी एक दिसल्याशिवाय जिवंत हा शब्द वापरत नाही: पेशी एका दिशेने स्वतः सरकली, विभागली, किंवा काही दिल्यावर तिने प्रतिसाद दिला.

जिवंत-मृत ओळखण्याचा तयार संच, म्हणजे सायटो-९ (सगळ्या पेशी हिरव्या करणारा रंग) आणि प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी लाल करणारा), मातीत डोळे मिटून वापरू नका. प्रोपिडियम आयोडाइड फुटलेल्या पेशीत शिरून डीएनएला चिकटतं, इथपर्यंत ठीक. पण मातीत पेशींबाहेर सुटा पडलेला डीएनए भरपूर असतो. अमेरिकेतल्या मातीच्या नमुन्यांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मातीतल्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के असा बेवारस, मेलेल्या पेशींचा निघाला होता. तोही लाल दिसणार. लाल ठिपका म्हणजे मृत पेशी, हे समीकरण शुद्ध कल्चरमध्ये चालतं, मातीत चालत नाही.

त्यापेक्षा एक चांगला मार्ग म्हणजे फ्लुओरेसंट डी-अमिनो आम्लं, म्हणजे चमकणारा रंग जोडलेली अमिनो आम्लं. जिवाणू पेशीभित्तिका बांधताना ती स्वतःहून आत गुंफतो, म्हणजे जो वाढतोय तोच चमकतो. जनुकीय बदल करावा लागत नाही, त्यामुळे मातीतल्या मूळच्या जिवाणूंवरही वापरता येतात. फक्त निळ्या रंगाचं घेऊ नका, मातीच्या स्वतःच्या चमकेत ते बुडून जाईल. तांबड्या गटातलं घ्या. आणि काहीही घेतलंत तरी बाजूला एक नमुना बिनरंगाचा ठेवा आणि एक गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या त्याच मातीचा. ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली, माती या तुलनेला कामाची नाही. उष्णतेने तिच्यातलं सेंद्रिय द्रव्य बदलतं आणि चमकही बदलते. एक घरगुती परीक्षा सांगते. संशयित ठिपका सगळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे सगळ्या रंगांत, सारखाच चमकत असेल आणि मिनिटभर लेसर मारूनही फिका पडत नसेल, तर तो बहुधा खनिजाचा कण आहे. जिवाणूवरचा रंग उडतो. दगडाची चमक सहसा टिकते.

आता सिम आणि स्टॉर्म. सिममध्ये पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकून त्रिमितीसाठी एका चित्रामागे १५ कच्ची चित्रं घ्यावी लागतात, तीन कोन गुणिले पाच स्थिती. प्रत्येकी १० मिलिसेकंद धरले तर दीडशे मिलिसेकंद झाले. पोहणारा जिवाणू सेकंदाला २० मायक्रॉन जात असेल, तर तेवढ्या वेळात तो ३ मायक्रॉन सरकला, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. मग संगणक त्या १५ चित्रांतून जे जुळवून देतो ते देखणं असतं आणि खोटं असतं. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसली की समजा, पेशीचं चित्र मिळालं नाही, गणिताचा कचरा मिळाला. मातीच्या कणांत पट्टे वाकले तरी तेच होतं. म्हणून सिम फक्त कव्हरस्लिपला चिकटून स्थिर बसलेल्या पेशींवर, पाच-दहा मायक्रॉनच्या आत. तिथे १०० ते १२० नॅनोमीटर खरोखर मिळतात आणि विभागणाऱ्या पेशीच्या मधला पडदा सुरेख दिसतो.

स्टॉर्मची अडचण वेगळी. रंगाचे रेणू लुकलुकायला हवेत म्हणून सहसा जो द्राव वापरतात, त्यात ऑक्सिजन काढून घेणारी विकरं आणि थायोल ही गंधकयुक्त रसायनं असतात, वर प्रखर लेसर. त्यात रायझोबियमसारखा ऑक्सिजनवर जगणारा जिवाणू घालून त्याला जिवंत म्हणणं मला पटत नाही. पाम पद्धतीने, जनुकातच लुकलुकणारं प्रथिन बसवून, जिवंत पेशीत एकेका रेणूचा माग काढतात. ते अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरावर, मातीशिवाय. तो वेगळा प्रबंध आहे.

पेशी आपण मारतोय का, हे तपासायची पद्धत सोपी आहे आणि तरीही फार थोडे लोक वापरतात. एकाच डिशमध्ये दोन जागा निवडा. एकीवर दर पाच मिनिटांनी लेसरने चित्र घ्या. दुसरीवर पहिलं आणि शेवटचं, एवढंच. चार तासांनी दोन्हीकडच्या विभागण्या मोजा. पहिल्या जागी विभागण्या कमी असतील, तर तुम्ही जिवाणूच्या आयुष्याचा चित्रपट काढलेला नाही, त्याच्या मरणाचा काढला आहे. निळा आणि जांभळा लेसर जास्त घातक, कारण पेशीतली फ्लेविनं ही रंगद्रव्यं तो प्रकाश शोषून क्रियाशील ऑक्सिजन तयार करतात. मी लेसर आधी इतका खाली आणते की पडद्यावर पेशी जेमतेम कळेल, मग थोडा वाढवते. चित्र गोंधळलेलं दिसतं, शोधनिबंधाच्या मुखपृष्ठावर जाणार नाही, पण पेशी सकाळी जिवंत सापडते.

खऱ्या मातीत आत बघायचंच असेल, तर लोकांनी मातीच बदलली. स्कॉटलंडमधल्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २०१२ मध्ये पारदर्शक माती मांडली. नाफिऑन या पॉलिमरचे दळलेले कण, अपवर्तनांक सुमारे १.३४. पाण्यात किंवा थोड्या दाट द्रावात भिजवले की कण जवळजवळ अदृश्य होतात आणि मुळं, जिवाणू आरपार दिसतात. त्याच गटाने पुढे २०२१ मध्ये लाइट-शीट सूक्ष्मदर्शक लावून लेट्यूसच्या मुळांभोवती बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची हालचाल टिपली. लाइट-शीट मला या कामासाठी सिमपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. प्रकाश बाजूने येतो आणि बघायचा तेवढाच पापुद्रा उजळतो, बाकीच्या पेशी अंधारात सुखात असतात. नाफिऑन महाग आहे, आम्लधर्मी आहे, आणि वापरण्याआधी धुऊन अन्नद्रव्यांच्या द्रावात मुरवायला चिकाटी लागते. क्रायोलाइट हे खनिज स्वस्त पडतं, अपवर्तनांक १.३३८, म्हणजे पाण्याच्या अगदी जवळ. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने या दोन्ही पदार्थांत बॅसिलस बुरशीच्या तंतूंवरून कसा पसरतो ते दाखवलं. क्रायोलाइटमध्ये फ्लोराइड असतं, त्यामुळे पूड हाताळताना मास्क हवाच.

दुसरा मार्ग स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या गटाचा, तो मला जास्त आवडतो. पारदर्शक सिलिकॉनची चिप, तिच्यात काही मायक्रॉनच्या वाटा कोरलेल्या, आणि तोंडाशी खरी शेतातली माती. मग वाट बघायची. मातीतून जे आपणहून आत येईल ते बघायचं. त्यांना दिसलं की हवा भरलेल्या वाटांमध्ये बुरशीचा तंतू शिरला की त्याच्यामागोमाग जिवाणू आणि आदिजीव आत येतात, आणि भरपूर येतात. आमच्याकडे अशीच एक चिप करून काळ्या मातीला लावली होती. रात्री साडेअकराला एक तंतू आडवा गेला. त्याच्या अंगाला पाण्याची पातळ पन्हाळ, आणि तिच्यातून एकामागून एक जिवाणू, आषाढात दिंडी निघावी तसे. त्या चित्राचं रिझोल्यूशन तीनशे नॅनोमीटरच्या वर होतं. त्यातून जे कळलं ते पन्नास नॅनोमीटरच्या एका स्थिर चित्रातून कळलं नसतं.

ही युक्ती तशी जुनीच. निकोलाय खोलोद्नी यांनी १९३० साली मातीत काचपट्ट्या पुरून ठेवल्या, काही आठवड्यांनी काढून रंगवल्या, आणि त्यांच्यावर कोण कसं बसलंय ते पाहिलं. आपण तीच काचपट्टी आता न काढता खालून बघतो. तिचा जुना दोषही आपल्याकडे आलाय: काच हेसुद्धा एक घर आहे, आणि काही जिवाणूंना ते मातीपेक्षा जास्त आवडतं.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. काचेच्या तळाची, जाळी कोरलेली डिश घ्यायची, तळ ०.१७ मिलिमीटर जाडीचा. तिच्यात शेतातली चाळलेली काळी माती दोन-तीन मिलिमीटर, शेतात वाफसा असताना असते तेवढ्या ओलीवर. पूर्ण भिजवायची नाही. भिजवली की प्रकाशाला बरं पडतं, पण ऑक्सिजनचं गणित बदलतं आणि ती मातीच राहत नाही. मोड आलेला हरभरा असा लावायचा की मूळ काचेला घासत जाईल, आणि डिश थोडी तिरकी. खूण केलेला मेसोरायझोबियम मुळावर द्यायचा. जनुकीय बदल केलेला जिवाणू असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी, आणि माती बाहेर टाकण्यापूर्वी ऑटोक्लेव्ह. लेन्स पाण्याची, ४० पट, अपर्चर १.१ किंवा १.२. तेलाच्या लेन्सचा आकडा मोठा दिसतो, पण पाण्यासारख्या नमुन्यात दहा मायक्रॉन खोल गेल्यावर ती प्रतिमा फिसकटवते, आणि तिचं कार्यअंतर, म्हणजे लेन्सचं टोक आणि काच यांच्यातली मोकळी जागा, सहसा थोडंच असतं.

दृश्यात पेशी कमी दिसल्या तर घाबरू नका. एका ग्रॅममध्ये शंभर कोटी जिवाणू धरले तरी दोन पेशींमध्ये सरासरी दहा मायक्रॉनच्या आसपास अंतर पडतं, आणि प्रत्यक्षात ते घोळक्यांनी राहतात, मधली जागा ओस असते. मातीच्या एकूण पृष्ठभागाचा एक टक्काही त्यांनी व्यापलेला नसतो. मूळरोम, म्हणजे मुळावरचे बारीक केस, वळतात त्या जागी शोधा.

दोन-तीन दिवस कमी प्रकाशात कॉन्फोकलने माग काढा. मूळरोमाचा वळसा आणि त्यात अडकलेला घोळका सापडला की जाळीवरचा चौकोन वहीत लिहा. मग त्याच जागी पेशी आहेत तशा स्थिर करणारं पॅराफॉर्मल्डिहाइड सोडा, माती अलगद धुवा, आणि त्याच पेशींवर सिम किंवा स्टॉर्म करा. जिवंतपणाचा इतिहास आधीच्या चित्रांत आहे, बारीक तपशील नंतरच्या चित्रात, दोन्हींचा पत्ता एकच. परीक्षकांना हे लिहिताना "जिवंत पेशींचं सुपर-रिझोल्यूशन" असं लिहू नका. "जिवंत असताना माग काढलेल्या पेशींचं, स्थिर केल्यानंतरचं सुपर-रिझोल्यूशन" असं लिहा. लांबलचक आहे, पण पहिल्या शब्दप्रयोगावर मी स्वतः परीक्षक म्हणून दोन निबंध परत पाठवले आहेत.

आणि खोलीचा एसी. तो दर वीस मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर फोकस तेवढ्याच ठेक्यात वर-खाली होतो, आणि रात्रभराच्या चित्रफितीत तुमचा जिवाणू श्वास घेतोय असं वाटतं. आमच्या एका मुलाने त्यावर सेमिनार दिला होता. यंत्र सुरू करून दोन तास तसंच ठेवा, एसीचा झोत दुसरीकडे वळवा, आणि डिशभोवती ओल्या टिश्यूचं कडं करून झाकण लावा, नाहीतर पहाटेपर्यंत मातीला भेगा पडतात.